सगळ्यांचंच घर नदीकाठी

धरणात गाव बुडालं तेव्हा पेंटर पाळण्यात होता. तरी वसाहतीच्या सभागृहाच्या भिंतीवर जुनं गाव रंगवायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. वसाहतीत ब्रश धरणारा तो एकटाच, आणि दुकानांच्या पाट्या रंगवून हात बसलेला.

आठवणी गोळा करायला तो घरोघर हिंडला आणि पस्तावला. जो तो म्हणे, आमचं घर नदीकाठी. शिंपीणकाकू दारात बसून पाण्यात पाय सोडायच्या. निवृत्त मास्तरांच्या पायरीवर तर मासे यायचे. मागल्या गल्लीत कुणी राहतच नव्हतं म्हणे! पेंटरनं हुज्जत घातली नाही. त्यानं नदी अशी वळवली की ती प्रत्येकाच्या दारात हजेरी लावून मगच पुढे जाई. सगळे खूश झाले.

आपलं घर मात्र त्याला ठाऊक नव्हतं. आई काही सांगायच्या आधीच गेली, आणि विषय काढला की वडील कान कोरायला लागत. शेवटी त्यानं मनानंच दोन मजली घर ठोकून दिलं, निळ्या दाराचं. फुकटात कंजुषी कशाला करायची? पण जीव थाऱ्यावर नव्हता. उद्घाटनाआधी वडिलांनी एकदा तरी हे घर आपलं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

म्हाताऱ्याला त्यानं जवळजवळ ओढतच आणलं. त्यांनी चष्मा पुसला, भिंतीकडे पाहिलं आणि फिस्सकन हसले.

"हा महाल कुणाचा रे?"

"आपला, बाबा."

"आपल्याला कुठलं आलंय घर! लोहाराच्या भट्टीमागं कोळशाची खोली होती, तिथं राहायचो. तू तिथलाच. सुईणीनं तुला दोनदा धुतलं, तरी तुझी आई विचारत होती, हा आपलाच का?"

पेंटरला हसू आलं. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"या नदीकाठच्या लोकांत? लाज वाटायची रे."

पेंटरनं महालावर पांढऱ्या रंगाचा जाड हात मारला आणि लोहाराच्या मागं खोली काढायला घेतली. लोहारही नदीकाठीच गेला होता, त्यामुळे कोळशाची खोलीही आपसूक नदीकाठी आली. मागून वडिलांच्या सूचना चालूच होत्या.

"कौलं नकोत, पत्रा काढ. वर दगड ठेव, नाहीतर उडेल. दार लहान कर. अजून लहान. मी काय तिथं ताठ जायचो?"

दार जमलं. वडील भिंतीशी गेले, आणि त्यांच्याही नकळत त्यांची मान खाली वाकली.