डावीकडची भोकं

कारखान्यात तिला सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर ताई. दुसऱ्यांनी केलेलं काम मोजायचं आणि बरोबर की चूक ते सांगायचं, यात तिचं निम्मं आयुष्य गेलं. त्यात कुणाची भीडभाड नाही. गरम चहाचा कप घेऊन मोजणीच्या खोलीत शिरणाऱ्या साहेबालाही तिने दारातूनच परत पाठवलं होतं. उबेने धातू फुगतो आणि माप चुकतं.

या खेपेला मोजायचं होतं नवऱ्याचं काम. तो त्याच कारखान्यात ड्रिलिंग मशीनवर. दुर्बिणीत बसवायची ॲल्युमिनियमची एक मोठी तबकडी त्याने वर्षभर खपून भोकांनी भरली होती. प्रत्येक भोकात काचेचा एक तंतू बसणार आणि एकेका दीर्घिकेचा प्रकाश पकडणार. त्या प्रकाशावरून, विश्वाचं प्रसरण वाढवणारी कृष्णऊर्जा म्हणजे आहे तरी काय, याचा शोध घेतला जाणार. भोक केसाच्या दहाव्या हिश्श्याने सरकलं तरी तंतूचा नेम चुकणार.

डावीकडची भोकं सरकली होती. तिने पुन्हा मोजली. तेच. तशी नोंद झाली की तबकडी भंगारात आणि नवऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीची माती. नोंद तर करावी लागणारच होती. आधी त्याला सांगायचं, एवढीच सवलत तिने स्वतःला दिली.

तो आला. आकडे पाहून त्याने वाद घातला नाही. मशीनच घसरलं असेल, म्हणाला, आणि मान खाली घालून तबकडीच्या डाव्या कडेशी गेला. तिथे थबकला. तबकडीला न लावता तिच्यावर हात धरला.

“इथे ऊब लागतेय. हा दिवा कुठला?”

दिवा घरचाच, माळ्यावरचा, पिवळ्या बल्बचा. भोकांशेजारी कोरलेले बारीक आकडे हल्ली दिसेनासे झाले होते, म्हणून तिनेच सकाळी आणून डाव्या कडेशी ठेवला होता.

“डोळे तपासून घे म्हणून मी किती दिवस कानीकपाळी ओरडतोय.”

“अहो, आधी तो दिवा काढा.”

तबकडी रात्रभर निवत ठेवली. सकाळी भांडारातल्या कारकुनाचा चष्मा उसना घेऊन, तो नाकावरून घसरू नये म्हणून दोऱ्याने बांधून, ती मोजायला बसली. नवरा दाराच्या काचेबाहेर उभा. शेवटचं भोक मोजून झालं तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. स्टुलावरूनच तिने हात हलवला. तो आत आला.

“सगळी?”

“सगळी जागेवर. चूक माझी होती.”

साहेबालाही तिने दिव्याचं सांगून टाकलं. साहेबाने हातातला चहाचा कप उचलून दाखवला आणि हसला.

संध्याकाळी दोघं चष्म्याच्या दुकानात गेली. समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचा, असं दुकानदाराने सांगितलं. तिने डोळे बारीक केले. पाटी डावीकडे कललीय, म्हणाली.

दुकानदार पाटीकडे वळला.

“सरळ करा ती,” नवरा म्हणाला, “नाहीतर ही वाचायची नाही.”