शेजारणीकडच्या कोंबड्या

रिसोडच्या स्टँडवर उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला, की मला मेडशीजवळच्या एका तलावावरची सकाळ आठवते. गावाने तलावात माजलेली बेशरमाची झुडपं उपटली होती, शेतीच्या मोटारींनी होणारा पाण्याचा उपसाही थांबवला होता, आणि टिकलेल्या पाण्यात आमच्या महिला गटाने शिंगाडा लावला होता. त्या दिवशी माणसांना पुण्याकडे बांधकामावर नेणारी जीप यायची होती. गटातल्या एकीने दरवर्षीसारख्या कोंबड्या आठ दिवस आधीच शेजारणीकडे सांभाळायला देऊन बोचकंही बांधलं होतं. जाण्याआधी एकदा पाहू म्हणून ती कमरेइतक्या पाण्यात उतरली, तिने एक वेल उलटली, तर खाली शिंगाडेच शिंगाडे! "दिवाळीनंतरही तोडणी चालेल, माणसं लागतील," मी काठावरून सांगितलं. तेवढ्यात तिचा नवरा ओरडत आला, "चाल ना वं, जीप उभी हाय!" ती म्हणाली, "जाऊ द्या तिले. तुमी पान्यात या." त्याने वेलीकडे पाहिलं, चपला काढल्या आणि तोही उतरला. मग ओल्या लुगड्यानेच ती कोंबड्या आणायला गेली. शेजारीण उखडली, "आता कुठं अंडे देऊन राह्यल्या, अन् लगेच वापस मांगतं?" अख्खी गल्ली हसली. परवा त्या गावात गेले, तर तीच शेजारीण कुरकुरत होती, "आता कोनी कोंबड्याच ठेवाले आनत नाई, बाई."