सारजाबाईचा डावा हात

सारजाबाई डावखुरी आहे ही गोष्ट गावात कुणालाच ठाऊक नव्हती. गावाचं सोडा, तिच्या नवऱ्यालाही नव्हती. नातवंडं शाळेत जायला लागली तरी हौशीरामला पत्ता नाही. ताट भरलेलं असलं की ते कुठल्या हाताने वाढलं हे बघायची नवऱ्यांना सवय नसते आणि हौशीराम तर जेवताना डोळेच मिटून घेतो.

ठाऊक होतं ते एकट्या सासूला, अंबाबाईला. बघायच्या कार्यक्रमात सारजाबाईच्या आईने लेकीला नीट पढवलं होतं आणि पोरीने उजव्या हाताने पोह्यांच्या बश्या दिल्या. सोयरीक जुळली. लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत मात्र नवी सून आमटी वाढायला उठली ती डाव्या हातात पळी घेऊन. अंबाबाईने तिला दारातच अडवलं.

"तुझ्या आईनं आमच्यापासनं लपवलं. आता मी गावापासनं लपवीन," ती हळूच म्हणाली. "पर चुलीम्होरं ह्यो हात दिसला तर माझ्यासारखी वाईट न्हाई."

अंबाबाई शब्दाची पक्की. तेव्हापासून भाकरी उजव्या हाताने, वाढणं उजव्या हाताने, हळदीकुंकू उजव्या हाताने. सुरुवातीच्या भाकऱ्या अशा वेड्यावाकड्या निघायच्या की त्या म्हशीपुढे टाकल्या तर म्हैससुद्धा आधी मान वळवून बघायची. पण सारजाबाई चिवट. पुढे पुढे तिच्या भाकरीचं नाव झालं आणि डावा हात जो पदराआड गेला तो गेलाच. अंबाबाई वारली, भिंतीवर हार घालून फोटोत बसली, तरी सारजाबाई चुलीपुढे बसली की एकदा त्या फोटोकडे बघायचीच.

मग घोडेगावच्या रस्त्याला एका कंपनीने गुलाबाची पॉलिहाऊस टाकली आणि गावातल्या बायांना बारमाही काम मिळालं. पहिल्या दिवशी सुपरवायझर बाळासाहेबाने सारजाबाईला कात्री दिली. तिने ती नकळत डाव्या हातात घेतली, दचकली आणि इकडेतिकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. तिथे ना चूल होती ना अंबाबाई. सारजाबाईने दांडी धरली आणि कचकन कापली. तिला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी जवळचं माणूस भेटावं तसं.

त्या हाताने मग मागचं सगळं उट्टं काढलं. बाकीच्या बाया एक ओळ संपवायच्या तोवर सारजाबाई दुसरीच्या मध्यावर असायची. कात्री बनवलेली उजव्या हातासाठी, डाव्या हातात ती उलटी बसायची आणि दर वेळी जास्त जोर लावावा लागायचा, पण त्याचं तिला काही वाटत नव्हतं. फेब्रुवारीत प्रेमाचा म्हणून जो दिवस असतो त्याच्या आधी तर दिवसरात्र कापणी चालायची. साऱ्या जगातल्या पोरांनी पोरींना द्यायचे गुलाब सारजाबाई कापायची आणि संध्याकाळी घरी आली की हौशीराम विचारायचा, "कालवण काय हाय?" त्याने तिला आजवर गुलाब सोडा, पालकाची जुडीसुद्धा हातात दिली नव्हती. पिशवी ओट्यावर ठेवायचा.

अशी काही वर्षं गेली आणि डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी रात्री, मग दिवसाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. कात्री हातातून निसटायला लागली. एकदा मुठीतला गुच्छ खाली पडला तरी कळलं नाही, शेजारणीने सांगितलं तेव्हा कळलं. कंपनीने "तब्येतीला जपा" असं गोड बोलून तिला घरी बसवलं. नारायणगावच्या डॉक्टरने सांगितलं की मनगटात नस दबलीय, याला कार्पल टनेल म्हणतात, लवकर ऑपरेशन केलं तर हात परत येईल, नाहीतर बोटं कायमची गेली.

इथे कुंडलिकभाऊजींचा प्रवेश झाला. कुंडलिक हा हौशीरामचा चुलतभाऊ. बिबट्याने शेळी नेली तेव्हा त्याने वनखात्याकडून भरपाई मिळवली होती, आणि तेव्हापासून तो स्वतःला भरपाईच्या बाबतीतला शेवटचा शब्द समजत होता. "टनेल म्हंजी बोगदा," त्याने ओट्यावर बसून समजावलं. "वैनी, तुमच्या हातात बोगदा हाय. कंपनीच्या कामानं झालाय. कायदा हाय त्याला. भरपाई दिल्याबिगर कंपनीला सुटका न्हाई."

एवढं मात्र खरं बोलला. जुन्नरच्या वकिलाने अर्ज केला आणि पुण्याला दावा लागला. कंपनीचं उत्तर आलं ते असं: आमच्याकडे कात्री उजव्या हातात धरतात. बाईचा बधिर झालाय डावा हात. तेव्हा हा आजार आमच्या कामाचा नसून भाकऱ्या आणि धुणीभांडी यांचा आहे. पुरावा म्हणून कंपनीच्या हळदीकुंकवातला फोटो जोडला होता. त्यात सारजाबाई उजव्या हाताने वाण घेत होती, आणि फार छान हसत होती. बाळासाहेबाला सगळं दिसत आलेलं होतं, पण त्याला पगार कंपनीच देत होती. त्याला काही आठवेना.

वकिलाने सारजाबाईला विचारलं, "कात्री कोणत्या हातात धरायचा?" शेजारी हौशीराम होता, पलीकडे कुंडलिकभाऊजी. सारजाबाई पदराशी चाळा करत राहिली. बघायच्या कार्यक्रमात फसवलेल्या नवऱ्याला हे आता, नातवंडांच्या वयात, कोणत्या तोंडाने सांगायचं?

शेवटी गुलाबवाल्यांचा विमा ज्या कंपनीकडे होता त्या विमा कंपनीने कळवलं की आमचा डॉक्टर घरी येऊन बघेल. त्याचा अहवाल बरा आला तर तडजोड करू. नाहीतर पुण्याच्या तारखा आहेतच. तोवर बोटं थांबणार नव्हती.

कुंडलिकने रात्रभर विचार करून तोडगा काढला. "दोनी हात गेले म्हनायचं! मग उजवा का डावा ह्यो वांधाच न्हाई. आन चुलीकडं फिरकायचं नाय. भाकरी थापताना दिसला का कंपनी जिंकली."

डॉक्टर यायच्या दिवशी सकाळी त्याने तिचा एक हात हौशीरामच्या उपरण्याने आणि दुसरा जुन्या लुगड्याच्या पट्टीने गळ्यात बांधला. सारजाबाई ओट्यावर अशी बसली की येणारा-जाणारा विचारत होता, अपघात कुठं झाला? त्यातच तिच्या नाकाला खाज सुटली. हौशीरामने खाजवलं, पण त्याला नेमकी जागा सापडेना.

दुपारी स्कूटीवरून डॉक्टर आली. यशोधरा तिचं नाव, तालुक्यातलीच मुलगी. दोन झोळ्या बघून तिच्या भुवया जरा वर गेल्या. डोळे मिटायला सांगून तिने डाव्या हाताची बोटं टाचणीने तपासली. अंगठ्याला कळलं नाही, पुढच्या दोन बोटांना कळलं नाही, करंगळीला कळलं. मग तिने उजवा हात घेतला.

"मावशी, इथं?"

कुंडलिक मागे खोकला. "नाय," सारजाबाई म्हणाली.

"आणि इथं?"

"नाय." चेहरा तिने दगडासारखा ठेवला होता. पायाची बोटं मात्र दर टोचणीला मुडपत होती आणि डॉक्टर बघत होती पायांकडेच. तिने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पिशवीची चेन लावली. सारजाबाईला खोटं पचत नाही. आपलं फसलं हे तिला कळलं.

"चहा सांगितलाय हाटेलातनं," कुंडलिक म्हणाला.

"नको. सकाळपासून पोटात काही नाही, चहाने पित्त होईल. घोडेगावच्या स्टँडवर वडापाव खाते."

वडापाव! सारजाबाईने आयुष्यात पुष्कळ सोसलं होतं, पण दारात आलेली लेकीच्या वयाची पोर भर दुपारी उपाशी जाऊन स्टँडवर वडापाव खाणार, हे तिला सोसवेना. तिने मान खाली घालून दोन्ही झोळ्या काढल्या, कुंडलिकच्या मांडीवर टाकल्या आणि चुलीकडे गेली.

"वैनी!" कुंडलिक ओरडला. "आवो भरपाई!"

"गप बसा भाऊजी. पोर उपाशी हाय."

परातीत पीठ पडलं आणि थापट्यांचा आवाज सुरू झाला. डॉक्टर उंबऱ्याशी पाटावर बसून बघत राहिली. बाहेर कुंडलिक कपाळाला हात लावून बसला होता. गरम भाकरी, वांग्याचं कालवण आणि ठेचा असं तिने मनापासून खाल्लं, हात धुतला आणि म्हणाली, "मावशी, उजवा हात चांगला ठणठणीत आहे तुमचा."

सारजाबाईने मान खाली घातली. "व्हय."

"भाकरी उजव्या हाताने थापता, वाढता उजव्या हाताने. मग भाकऱ्यांनी डावा हात कसा गेला? डाव्या हाताने करता तरी काय?"

सारजाबाईने अंबाबाईच्या फोटोकडे बघितलं. हौशीरामने मदत म्हणून सांगितलं, "डाव्या हातानं काय करनार मॅडम. डावा हात त्यो."

"मग मला जे दिसलं तेवढंच लिहावं लागेल," डॉक्टर म्हणाली. तिला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. ती स्कूटीकडे निघाली.

सारजाबाईच्या अंगणात गुलाबाचं एक झाड होतं. पॉलिहाऊसमधून टाकून दिलेली काडी तिने आणून लावली होती. लेकीबाळी घरातून जाताना तिने आजवर कुणाला रिकाम्या केसांनी जाऊ दिलं नव्हतं. "थांबा वो मॅडम," म्हणत ती लगबगीने झाडाशी गेली, कोनाड्यातली जुनी कात्री उचलली, दांडी हेरली आणि पानाच्या बरोबर वर तिरपी कापली. एका झटक्यात, न बघता. फूल मुठीत धरून ती हसत डॉक्टरपुढे आली.

डॉक्टर फुलाकडे बघत नव्हती. कात्री सारजाबाईच्या डाव्या हातात होती आणि फुलाची दांडीही त्याच मुठीत होती. अंगठ्यात काटा मुळापर्यंत रुतला होता. रक्ताची धार मनगटावरून बांगड्यांपर्यंत आली होती आणि सारजाबाई आपली हसतच उभी होती.

"मावशी, हात!"

सारजाबाईने खाली बघितलं. "अगं बया," ती म्हणाली, "कवा टोचलं?"

डॉक्टरने तिला ओट्यावर बसवलं आणि काटा काढला. तो निघतानाही सारजाबाईला कळलं नाही. डॉक्टरने कात्री उलटसुलट करून पाहिली. "ही उजव्या हाताची आहे. डाव्या हातात धरून वर्षानुवर्षं कापत होतात? नस दबणार नाही तर काय होणार? आधी का नाही सांगितलंत?"

आता मात्र सारजाबाईला रडू फुटलं. "मी डावरी हाय मॅडम. माझ्या आईनं यांच्यापासनं लपवलं, सासूनं गावापासनं. तितं फुलांत कुनी बोलत नव्हतं, म्हनून तितं आपली..."

हौशीराम बायकोकडे बघत राहिला. "डावरी?" त्याने विचारलं. "कवापासनं?"

"जल्मापासनं!" सारजाबाई डोळे पुसत खेकसली. डॉक्टरला हसू आवरेना. कुंडलिकने गंभीरपणे सांगितलं की आपल्याला पहिल्यापासून संशय होता.

डॉक्टरने अहवालात सगळं लिहिलं, कात्रीसकट. उजव्या हाताचं खोटंही लिहिलं, आणि ते कुणाच्या सल्ल्याने हेही. बाळासाहेबालाही मग हळूहळू आठवायला लागलं. कंपनीने तडजोड केली. मागितलं तेवढं दिलं नाही, पण ऑपरेशन होऊन चार पैसे उरले. कुंडलिक हल्ली भरपाईवर सल्ला देताना सांगतो की खरी गोम कात्रीत असते.

ऑपरेशननंतर टाके निघाले, पण बोटं काही बोलेनात. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, नस हळूहळू जागी होते, कधी कधी होतही नाही. सारजाबाई रोज उठून अंगठा तव्याजवळ न्यायची, पाण्यात बुडवायची, पण कळायचं काहीच नाही.

एके दिवशी ती अशीच ओट्यावर बसली होती. हौशीराम झाडाशी बराच वेळ काहीतरी झटापट करत होता. शेवटी एक गुलाब घेऊन आला. कात्री त्याला जमत नाही, त्याने दांडी पिळून तोडली होती आणि सालं लोंबत होती. जन्मात पहिल्यांदा देत होता, कसा द्यायचा ते त्याला माहीत नव्हतं. त्याने तो पिशवीसारखा ओट्यावर ठेवला, मग काय वाटलं कोण जाणे, परत उचलून तिच्यापुढे धरला. डाव्या हातापुढे.

सारजाबाईने घेतला. आणि ओरडली, "आई गं!"

"काय झालं?"

"टोचलं!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ती हसतही होती. "आवो, टोचलं की मला!"

हौशीराम घाबरून काटा काढायला वाकला. तिने हात मागे घेतला.

"थांबा वो जरा," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."