व्याह्यांचा पक्ष

माझे व्याही पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले, तेव्हा मी त्यांना रशियन समजत होते. यात माझी फारशी चूक नव्हती. लग्न ठरलं तेव्हा मुलाने फोनवर एवढंच सांगितलं होतं, की मुलगी लात्वियाची आहे आणि घरी रशियन बोलतात. मी नकाशा काढला, शेजारीच रशिया दिसला, आणि विषय मिटवला. भोपाळच्या कोलार रोडवरच्या आमच्या कॉलनीलाही तेच सांगून टाकलं. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात मुलगा, सून, साडेतीन वर्षांची नात आणि सुनेचे वडील महिनाभरासाठी आले, तेव्हा खालच्या गार्डपासून सगळ्यांनी व्याह्यांना ‘रशियावाले अंकल’ करून टाकलं.

ही मंडळी एक प्रश्न सोबत घेऊन आली होती. नातीची जीभ अजून सुटली नव्हती. बोट दाखवायची, मान हलवायची, फार तर एखादा शब्द टाकायची, आणि तो कोणत्या भाषेतला हे ठरवायला घरात बैठक बसायची. पाळणाघरात लात्वियन, आईबापांचं आपसात इंग्रजी, आजोबांचं रशियन आणि रविवारी फोनवरून माझं मराठी. एक ना धड, भाराभर चिंध्या! शेवटी मुलाने आणि सुनेने ठरवलं, की लात्वियन आणि इंग्रजी तर राहणारच, त्यांच्याशिवाय एकच भाषा ठेवायची. रशियन किंवा मराठी. काय ते परत जायच्या आत नक्की करायचं. मला दुसरं नातवंड नाही. मराठी गेलं तर मी तिच्याशी काय खाणाखुणांनी बोलणार होते?

म्हणजे व्याही हे पाहुणे कमी आणि प्रतिस्पर्धी जास्त होते. तरी पाहुणचारात कसूर नको म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जलेबी मांडली आणि बोलायला सुरुवात करायची म्हणून विचारलं, “तुमच्या रशियात थंडी फार असेल ना हो?”

माझं मराठी मुलगा इंग्रजीत करायचा, सून ते रशियनमध्ये करायची, आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचं. इंग्रजी मला ऑफिसपुरतं येतं, त्यामुळे शेवटचा टप्पा वाचायचा. व्याह्यांनी चमचा खाली ठेवला. रशियात आपण कधी राहिलोच नाही, म्हणाले. जन्म लात्वियातला.

“मग लात्वियाचे नागरिक.”

तेही नाही.

“मग रशियाचे?”

मुळीच नाही.

माझी उभी नोकरी टी. टी. नगरच्या एका सरकारी कार्यालयात गेली. कोण कुठला रहिवासी, हेच तपासायचं काम होतं. असा माणूस माझ्या टेबलापुढे आला असता, तर दोन्ही रकाने रिकामे बघून मी त्याला खुशाल परत पाठवला असता. इथे तो माझ्याच हातचे पोहे खात होता आणि माझ्या नातीचा आजोबा होता.

मग त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. रशिया, लात्विया सगळा एकच मोठा देश होता तेव्हा त्यांचे आईवडील कारखान्यातल्या नोकरीसाठी लात्वियात गेले. मोठा देश फुटला, छोटा पुन्हा स्वतंत्र झाला. नव्या सरकारने सांगितलं, ज्यांचे वाडवडील पूर्वी इथले नागरिक होते तेच नागरिक. बाकीच्यांनी आमच्या भाषेची परीक्षा द्या. व्याही हट्टाला पेटले. जिथे जन्मलो तिथे राहण्याची परीक्षा कशाला द्यायची? त्यांनी परीक्षा दिली नाही आणि कारखान्यातले मित्र जमवून एक पक्ष काढला. रशियन बोलणाऱ्यांना नागरिकत्व द्या, मुलांच्या शाळा रशियनमध्येच ठेवा, एवढ्या दोनच मागण्या.

“मग निवडून आलात का?” मी विचारलं.

तर हे स्वतः उभे राहू शकत नव्हते. एवढंच काय, मतही देऊ शकत नव्हते. ज्या पक्षासाठी माणसाने ऐन उमेदीत थंडीवाऱ्यात पोस्टर चिकटवली, त्याला एकाही निवडणुकीत मत टाकता आलं नाही! मी मुलाला दोनदा विचारलं, तू नीट सांगतोयस ना? तो म्हणाला, “आई, सच में असंच आहे.”

पुढचा इतिहास व्याह्यांनी टेबलावरचे कप मांडून सांगितला. तीन कप जवळ आणले, ही आघाडी. मग एक कप दूर, कारण त्याला सरकारशी बोलायचं होतं. उरलेल्या दोघांत भांडण जुंपलं ते पत्रकावरून. काहीजण म्हणाले, आपली पत्रकं लात्वियन भाषेतही छापू, शेजाऱ्यांनाही कळू द्या आपल्याला काय हवंय. व्याही म्हणाले, रशियन बोलणाऱ्यांचा पक्ष आणि पत्रक लात्वियनमध्ये? त्यावरून पक्ष फुटला. मग नगरपालिकेत दोन-चार जागा, मग पुन्हा फूट, आणि अलीकडे रशियाने युक्रेनवर युद्ध लादल्यावर उरलेले आपसातच तुटून पडले. व्याही युद्धाच्या विरोधात उभे राहिले, तर स्वतःच्याच माणसांनी त्यांना गद्दार म्हटलं. शेवटी टेबलावर एकच कप उरला आणि तोही त्यांनी पालथा घातला.

मला हसू आवरेना. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे दोन गणपती बसतात, ते असेच. घोषणा हिंदीतही करायच्या की नाही यावरून कधीकाळी भांडण झालं आणि तेव्हापासून दोन मांडव, दोन आरत्या, दोन प्रसाद. घरोघरी मातीच्या चुली! हे मी व्याह्यांना सांगितलं. फिरून फिरून ते त्यांच्यापर्यंत पोचलं, तेव्हा तेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

तेव्हापासून मला ते आवडायला लागले, आणि गोंधळ वाढला. माझे वडील नागपूरचे. राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूर मध्य प्रदेशातून निघालं, आणि वडील ऑफिसबरोबर नव्या राजधानीत, भोपाळला आले. आमच्याकडे कोणी परीक्षा मागितली नाही, म्हणून आम्ही पक्ष काढला नाही. मागितली असती तर? माझे वडील नक्कीच बसले असते परीक्षेला आणि पहिले आले असते. मग व्याही का बसले नाहीत? दुपारी स्वयंपाकघरात मी सुनेला हळूच विचारलं. पोळी कशीबशी लाटत ती म्हणाली, मोठ्या देशाच्या काळात लात्वियन लोकांना स्वतःच्याच गावात, स्वतःच्याच दुकानात रशियन बोलावं लागायचं. कित्येक घरांतली माणसं उचलून दूर पाठवली गेली होती. त्यांना भीती वाटते ती उगीच नाही. तिने स्वतः शाळेत असतानाच परीक्षा दिली. वडील तिच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

“मग तू मत दिलंस का त्यांच्या पक्षाला?”

“पोळी जळतेय,” ती म्हणाली.

आता मी कोणाच्या बाजूची? महाराष्ट्रात राहायचं तर मराठी यायलाच हवं, असं मी इथे भोपाळात बसून टीव्हीसमोर ठणकावून म्हणते. त्या हिशेबाने लात्वियावाले बरोबर. पण माझ्या घरात माझी भाषा टिकावी म्हणून जीव तुटतो, त्या हिशेबाने व्याही बरोबर. दोन्हीकडे मीच, आणि दोन्हीकडून बोलणारीही मीच. रात्री वाटायचं कळलं, सकाळी चहा गाळताना सगळं पुन्हा विस्कटलेलं असायचं.

जायची तारीख जवळ आली तशी व्याह्यांनी माझ्यापुढे प्रस्ताव ठेवला. आपण दोघांनी आघाडी करायची. एकच भाषा ठेवा म्हणतात, तर त्या एका जागेचे दोन वाटे करू. शनिवार त्यांचा, रविवार माझा.

“तुमच्या आघाड्या किती टिकल्या होत्या?” मी विचारलं.

“एकही नाही,” ते म्हणाले. “पण भांडायला मी एकटाच उरलोय. या वेळी टिकेल.”

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाल्कनीतल्या उन्हात पोरीला मध्ये बसवलं. एका बाजूने ते रशियन बडबडगीत म्हणायचे, दुसऱ्या बाजूने मी मराठी. ती एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे, तोंड घट्ट मिटलेलं. थोड्या वेळाने आमच्या दोघांच्या मधून सटकली आणि आईचा हात ओढत खाली पार्किंगमध्ये पळाली. तिथे कॉलनीतल्या मुली पकडापकडी खेळत होत्या. इथे आल्यापासून रोज दुपारी ती तिथेच असायची. आम्ही दोघं बाल्कनीत आपापलं बडबडगीत घेऊन बसून राहिलो. मुलगा आत लॅपटॉपवर होता.

आणि खालून आवाज आला. खणखणीत, कमरेवर हात ठेवल्यासारखा.

“अरे रुको ना! अब मेरी बारी है!”

आमच्या पोरीचा आवाज. तिच्या आयुष्यातलं पहिलं अख्खं वाक्य. सून तिला कडेवर घेऊन धावतच वर आली, मुलगा आतून पळत आला, दोघांनी एकमेकांना मिठी मारली. माझे डोळे भरून आले. त्यात आनंद किती आणि दुसरं काय किती, ते तेव्हाही कळलं नाही.

“आई, ऐकलंस? फुल सेंटेन्स!” मुलगा ओरडला. “बस, हो गया डिसाइड. हिंदीच ठेवू. आपल्या घरचीच आहे ना!”

त्याने ते बायकोला इंग्रजीत सांगितलं, तिने वडिलांना रशियनमध्ये. काय सांगितलं कोण जाणे. तिने नवऱ्याला माझ्याशी अर्ध्याहून अधिक हिंदीतच बोलताना ऐकलं होतं, हिंदी वेगळी आणि मराठी वेगळं, ही आमच्या रकान्यांची भानगड तिला कुठली ठाऊक असणार? व्याही सावकाश उठले. कोट सारखा केला, माझ्यासमोर आले आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन काहीतरी बोलले.

“अभिनंदन म्हणतायत,” सुनेने इंग्रजीत सांगितलं. “तुमचा पक्ष जिंकला म्हणतायत.”

मी त्यांचा हात सोडला नाही. “अहो, हे माझं नाही हो,” मी म्हटलं. “मीपण हरलेय. मी तुमच्याच पक्षात आहे.”

“काय म्हणाल्या?” सुनेने नवऱ्याला विचारलं.

मुलाने माझ्याकडे बघितलं. त्याला मराठी चांगलं कळतं. त्याने लेकीला कडेवर घेतलं आणि बायकोला इंग्रजीत सांगितलं, “थँक यू म्हणतेय.”