जांभळाच्या जिनमध्ये मीठ

आमचे हे सोलापुरात एका गिरणीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, पण हंगामी. चार वर्षं झाली तरी हंगामीच. कायम व्हायला मुंबईच्या मोठ्या साहेबांची सही लागे, आणि ते वर्षातून एकदाच यायचे. सही झाली की गिरणीच्या चाळीत दोन खोल्या मिळणार होत्या. तोवर आमचा संसार एका खोलीत, चूल दाराशी आणि देव फळीवर.

ह्यांची दवाखान्यातली एक रीत होती. कामगार नवं औषध घ्यायला धजत नसत. "आदी तुमी प्या, मग आमी," म्हणत. मग हे पहिला चमचा स्वतः घ्यायचे आणि कसलंही कडू असलं तरी "गोड आहे, घ्या," म्हणायचे.

गिरणीच्या विणकाम खात्यावर तेव्हा एक गोरा साहेब होता. त्याच्या मुलखात म्हणे जांभळासारखं एक आंबट फळ जिन नावाच्या दारूत मुरवून पितात. बाजारात जांभळं पाहून त्याला घर आठवलं. मिश्रणं करणारा माणूस म्हणून त्याने ह्यांना बोलावलं आणि दोन बाटल्या जिन हातात दिली. मोठे साहेब श्रावणात येणार, त्यांच्यापुढे ठेवायची. चांगली झाली तर तुझ्या कायमचं बोलतो, म्हणाला.

ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. कोटाखाली लपवून बाटल्या घरी आणल्या आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "अगं, मुरवायचं काम तुझंच की. लोणच्यासारखंच असतं म्हणे."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत माझ्या हातची आमटी ह्यांना एक तर खारट लागे, नाही तर अळणी. बरोबर कधी झालीच नाही. आणि आता नोकरी माझ्या बरणीत घालायला निघाले होते! मला असा राग आला.

चाखायचं कोणी, हा प्रश्न होता. ह्यांनी माळेवर हात ठेवला. मी म्हटलं, "नैवेद्याचा स्वयंपाक आपण चाखतो का?" सासूबाईंनी मला नुसत्या वासावरून मीठ ओळखायला शिकवलं होतं. देवाला चालतं ते साहेबाला न चालायला काय झालं?

जांभळं धुतली, पुसली, सुईने टोचली, साखर घातली. आणि हात आपोआप मिठाच्या सटाकडे गेला. मिठाशिवाय जांभूळ घसा धरतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हे मापाच्या ग्लासात जिन मोजत बसले होते, ते ताडकन उठले.

"मीठ? साहेबाच्या दारूत मीठ?"

"चिमूटभर तर आहे."

"काढ ते!"

"तुम्हीच काढा."

दोन दिवस अबोला झाला.

सहा आठवडे ती बरणी लोणच्यांच्या ओळीत बसली. शेजारीण अक्कलकोटकडची, नाकाची मोठी तयार. "काय वो वैनी, लई ग्वाड वास येतुया. मुरंबा हाय व्हय?" मी म्हटलं, दवाखान्याचं औषध आहे.

शेवटी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. हे थेंबाथेंबाने साखरेचा पाक ओतत होते आणि मी डोळे मिटून वास घेत होते. नाकाला झोंबणारा वास निवळला तशी मी "पुरे" म्हटलं. बाटल्या भरल्यावर ह्यांनी सवयीने त्यांवर औषधाच्या बाटलीसारखी, एका वेळची मात्रा दाखवणारी कातरलेली कागदी पट्टी चिकटवली. त्यात काही वावगं आहे असं दोघांनाही वाटलं नाही.

मोठे साहेब आले त्या रविवारी दुपारी हे बाटल्या घेऊन गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर गेले. तीनला परत आले ते थेट न्हाणीत. तीन तांबे अंगावर घेतले, देवापुढे नाक घासलं आणि मग बोलले.

मोठ्या साहेबांनी पट्टी पाहिली आणि पोट धरून हसले. औषध आहे का, म्हणाले. तेव्हा विणकामाच्या साहेबाने ह्यांची पहिल्या चमच्याची रीत सांगितली. मग काय, मोठे साहेब हटूनच बसले: आधी कंपाउंडर, मग आम्ही. चमचा पुढे आला. ह्यांनी डाव्या हाताने माळ धरली आणि उजव्या हाताने चमचा तोंडात घातला. श्रावणात! आणि सवयीने म्हणाले, "गोड आहे, घ्या."

मोठ्या साहेबांनी घेतली, पुन्हा मागितली, आणि जेवणाच्या टेबलावरच कागदावर सही केली.

मी रडायलाच लागले. दोन खोल्या! मग डोळे पुसून, भीत भीत विचारलं, "मीठ कसं झालं होतं?"

ह्यांनी लोणच्यांच्या ओळीकडे पाहिलं. "बरोबर होतं," म्हणाले.

पुढे चाळीतल्या त्या दोन खोल्यांत आमचा जन्म गेला. आमटी शेवटपर्यंत कधी खारट, कधी अळणी. माझ्या हातचं एकच काय ते ह्यांना उभ्या जन्मात बरोबर लागलं, आणि ते मी चाखलेलं नाही.