गिरणीच्या म्युझियममध्ये गुळाची तुला

माझी मुलगी बावीस महिन्यांची असताना लीड्सच्या एका जुन्या लोकरीच्या गिरणीत, म्हणजे आताच्या म्युझियममध्ये, आम्ही तिची गुळाची तुला केली. सांगताना मला आजही घाम फुटतो.

झालं असं, की पोरीचं वजनच वाढत नव्हतं. इथे पोरांच्या वजनाची नोंद ठेवतात त्या लाल पुस्तकात तिची रेघ सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली गेलेली, आणि घरी येऊन पोर तपासणाऱ्या हेल्थ व्हिजिटर बाई सोमवारी परत येणार होत्या. मी आठवीपर्यंत शिकलेली, त्यांचं बोलणं मला निम्मंच कळायचं, त्या पेन उघडून लिहायला लागल्या की मी पोरीला उचलून कडेवर घ्यायची. बसमध्ये कुणीतरी मला सांगितलेलं, पोर नीट खाऊन-पिऊन वाढलं नाही तर इथे कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, त्याला घेऊन जातं. नवरा म्हणायचा, असं काही नसतं. पण तो हॉस्पिटलात नर्स, सारखा शिफ्टवर, आणि घरात मी, पोर आणि इचलकरंजीहून आलेल्या सासूबाई.

सासूबाईंचं एकच म्हणणं. त्यांनी देवीला नवस बोललेला, नात झाली की तिच्या भारंभार गूळ वाटीन, तो फेडला नाही म्हणून पोर अंग धरत नाही. आणि त्या बुधवारी परत जाणार. मी म्हटलं, बाथरूममधल्या काट्यावर करू. तर म्हणाल्या, तुलेला पारडं लागतं, एकात पोर, एकात गूळ. आता लीड्समध्ये पारडं कुठनं आणायचं?

माझी मैत्रीण इथंच जन्मलेली. ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, म्युझियममध्ये मोठी काटा आहे, मुलं खेळतात त्याच्यावर." झालं. शनिवारी नवरा शिफ्टला गेला आणि आम्ही तिघी निघालो. प्रॅमच्या खालच्या जाळीत किलोकिलोच्या आठ भेल्या, वर दुपटं. मागच्या वेळी पोर सात किलो भरलेली, एक जास्तीची असू दे म्हणून. निरांजन मैत्रिणीनं घरीच काढून ठेवलं, म्हणाली फायर अलार्म होईल.

आत मोठमोठे माग, माणसं हळू आवाजात बोलत बघत होती. सासूबाई म्हणाल्या, "हे काय बघायचं? आमच्या गल्लीत अजून चालू आहेत." त्या थेट काट्यापाशी. छताला टांगलेला, लाकडी पारड्यांचा, पोरांना तोलायला कापडी गठ्ठे ठेवलेले. सासूबाईंनी गठ्ठे खाली काढले, पारड्याला हळदकुंकू लावलं, शाल अंथरली आणि पोरीला बसवलं. मी इकडे तिकडे बघत एकेक भेली ठेवत गेले. सात ठेवल्या, पोर खालीच. आठवी ठेवली, तरी खालीच.

तेवढ्यात निळ्या स्वेटरमधला गार्ड आला. आता हा फोन करणार, कौन्सिल येणार, सोमवारची वाटच बघायला नको. मी त्याला मराठीतच सांगायला लागले, आम्ही जातो, आम्ही जातो. मैत्रीण त्याच्याशी भराभरा इंग्रजी बोलली. तो गुळाकडे बघून काहीतरी म्हणाला.

मी विचारलं, "काय म्हणतो गं?"

"म्हणतो, शूज काढा तिचे. शूजनी चीटिंग होते."

शूज काढले. पोर खालीच. एव्हाना नातवाला घेऊन आलेली एक इंग्लिश आजी येऊन उभी राहिली, तिनं नॅपी ओली असेल म्हणून सुचवलं. मी हात घालून बघितलं, कोरडी होती. गूळ तर संपलेला. सासूबाईंनी जाहीर केलं, "साखर चालते. तीही उसाचीच." मैत्रिणीनं ते सांगितल्यावर गार्ड स्वतः कॅफेत गेला आणि साखरेच्या कागदी पुड्यांचा अख्खा डबा घेऊन आला. आम्ही मूठ मूठ टाकत गेलो. डबा निम्मा झाला तेव्हा पारडं हललं आणि पोर अलगद वर आली. ती हसत होती. मी रडत होते.

मैत्रिणीनं पिशवीतलं लाल पुस्तक काढलं आणि त्या रेघांवर बोट फिरवत बसली. "वर नाही गेली," ती म्हणाली, "पण रेघेला टच करते."

गूळ आणि साखर देवीची झालेली, परत घेता येईना. सासूबाईंनी तिथंच सगळ्यांना वाटून टाकली. गार्डला एक भेली मिळाली. कॅफेच्या साखरेच्या पुड्या तो दोन्ही हातांनी प्रसाद म्हणून घेत होता, आणि इंग्लिश आजी नातवाचे शूज काढत होती.

सोमवारी हेल्थ व्हिजिटर बाईंनी पोरीला काट्यावर ठेवलं. त्यांनी पेन उघडायच्या आधीच मी आठ बोटं वर केली आणि म्हटलं, "अँड शुगर."