टायवरचा तिरका ऊस

ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेच विसरलो. आठवतो तो गळ्यात बांधायचा एक टाय. नावं कुणाचीच सांगणार नाही. माझी चूक मात्र सांगणार आहे.

बारामतीच्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. हद्दीत कपडे शिवायची बरीच युनिटं. त्यातल्या एका मालकाने लेखी अर्ज दिला की, शिलाई मशीनवर काम करणाऱ्या मुलीने आपले डिझाइनचे कागद चोरले. मुंबईतल्या एका उंची कपड्यांच्या कंपनीने नक्षीदार टायच्या डिझाइनची स्पर्धा ठेवली होती. जिंकणाऱ्याचा टाय रेशमी कापडात, त्याच्या नावासकट बाजारात येणार होता. ही मुलगी शेवटच्या फेरीत पोहोचली होती. शनिवारी मूळ कागद घेऊन हजर राहायचं, आणि डिझाइनवर दुसऱ्या कुणाचा दावा निघाला तर नाव बाद, अशी अट होती. मालकाचं म्हणणं, ते डिझाइन मी स्वतःच्या हाताने काढलेलं आहे.

गुन्हा नोंदवण्याआधी मी अर्ज चौकशीवर ठेवला. गुरुवारी सकाळी हजेरी चालू असतानाच खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, कागद बावड्यात हायती, पोरीच्या घरी. शनवारी पहिल्या एसटीनं मुंबईला निघालेत."

ही खबर मालकानेच पेरली होती, ते मला नंतर कळलं. गाव इंदापूर तालुक्यातलं, म्हणून तिथल्या ठाण्याला कळवलं, एक महिला हवालदार बरोबर घेतली आणि निघालो.

बावड्याच्या पेठेत मुलीच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं, मागे घर. गावात सगळे त्यांना चाचा म्हणत. मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची. कागद मागितल्यावर तिने कपाटातून गुंडाळी काढली, माझ्यापुढे धरली, पण हातातून सोडली नाही.

"आधी पोच द्या, साहेब. किती कागद, कसले, समदं लिवून."

पोच मागणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. मी पोच लिहून दिली आणि दुकानातच तिचा जबाब घ्यायला बसलो.

डिझाइन म्हणजे उसाची कांडी आणि तिच्या पेरावरचा डोळा, ओळीने मांडलेला. हे कुठून सुचलं, असं विचारलं.

"उसातनंच की. मागलं दार उघडलं की फडच हाय. दुसरं काय दिसणार?"

दोन तास उलटसुलट विचारलं. मुलगी एका शब्दाने इकडची तिकडे झाली नाही. शेवटी मी ते वाक्य बोललो, जे नोकरीत शेकडो वेळा बोललो असेन.

"हे बघ, दोन ओळी माफीच्या लिहून दे. मालक अर्ज मागे घेईल, नोकरी राहील. मिटवून टाकू."

"मग चित्र कुणाचं ठरलं?"

मी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

"चोरी केली असती तर पाय धरले असते, साहेब. केली न्हाय, तर सही पण न्हाय. आत टाकायचं तर टाका."

चाचा सुई हातात धरून उभे होते. म्हणाले, "साहेब, पोरगी उद्धट न्हाय. पर ती सही करणार न्हाय, आन् मी करू देणार न्हाय."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? खाकीसमोर मान न वाकवणाऱ्या माणसाचा मला तेव्हा रागच येत असे.

शुक्रवारी मालक ठाण्यात आला, पुरावा म्हणून एक वही घेऊन. तीच कांडी, तोच डोळा, तेच रंग, सगळं आखीव आणि उभं. मुलीच्या कागदांवर मात्र सगळा ऊस एका बाजूला कललेला, वाऱ्याने लोळल्यासारखा.

मालक हसून म्हणाला, "बघा साहेब. नक्कल करताना सरळ रेघही जमली नाही तिला."

मलाही ते पटलं. तेवढ्यात वरून फोन आला, मुलीकडून लिहून घ्या आणि विषय संपवा. कुणाचा ते सांगत नाही.

मी म्हणालो, "चौकशी चालू आहे, सर."

"अजून?"

"अजून."

मुलीचा राग होताच, पण माझ्या ठाण्यात काय लिहायचं ते दुसऱ्याने ठरवावं, याचा राग त्याहून मोठा होता. मी बापलेकींना निरोप पाठवला. दुपारी ते आले. मालकाला समोर बसवलं.

मुलगी म्हणाली, "साहेब, त्यांस्नी येवढंच सांगा. कागद म्हंजी कापड समजायचं, आन् त्याच्यावर टाय कसा कापायचा ते आखून दाखवा."

चाचांनी पिशवीतून टायचा पुठ्ठ्याचा साचा काढून टेबलावर ठेवला. मालकाने तो वहीच्या पानावर सरळ उभा ठेवला आणि कडेने पेन्सिल फिरवली.

चाचांनी कपाळावर हात मारला. "अवो शेठ, टाय उभा कापत्यात व्हय? तिरका कापत्यात. न्हायतर गळ्यात पीळ पडतोय त्याला."

माझा विश्वास बसेना. बढतीच्या फोटोसाठी घेतलेला एक टाय माझ्या खणात पडून होता. हवालदारबाईंनी त्याची मागची शिवण उसवली. कापडाचे धागे खरोखरच तिरके होते. मग चाचांनी साचा मुलीच्या कागदावर तिरका ठेवला. साच्यात सगळा ऊस ताठ उभा राहिला. तसाच मालकाच्या वहीवर ठेवला, तर ऊस कलंडला.

मालकाच्या युनिटात टी-शर्ट शिवले जात. टाय त्याने जन्मात कापला नव्हता. मुलीचा कललेला ऊस त्याला तिची चूक वाटली आणि त्याने ती सुधारून घेतली.

"आता बोला," मी म्हणालो.

अर्ध्या तासात तो बोलला. कापडावर नमुना छापून मिळेल का, असं विचारायला मुलीने त्याला कागद दाखवले होते. त्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवले.

"युनिटचं नाव झालं असतं, साहेब. त्यात तिचाही फायदाच होता."

"मग वहीवर तिचं नाव का नाही?"

तो खुर्ची सरकवून उठला. जाताना माझंच वाक्य मला ऐकवून गेला, "मिटवून टाकू, साहेब."

मिटवलं नाही. खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्याविरुद्ध अहवाल पाठवला. त्याच संध्याकाळी मुलीला कागद परत दिले आणि अर्जात तथ्य आढळलं नाही, असं ठाण्याच्या शिक्क्याचं पत्रही दिलं. पुन्हा फोन आला. पुढच्या बदल्यांच्या यादीत माझं नाव निघालं. निघू दे. ते पत्र मी आजही तसंच लिहीन.

या प्रकरणाने मला माझीच चौकशी करायला लावली. हात जोडणारा खरा आणि अडून बसणारा खोटा, हा हिशोब मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. त्या हिशोबाने किती खऱ्या माणसांच्या सह्या मी माफीच्या कागदांवर घेतल्या असतील, याची आज लाज वाटते. त्यानंतर 'मिटवून टाकू' हे वाक्य मी कुणालाही ऐकवलं नाही.

सोमवारी मुलगी ठाण्यात आली. माझ्या टेबलासमोर ताठ उभी राहिली.

"नंबर न्हाय आला, साहेब."

मला खरंच वाईट वाटलं. तसं बोललोही.

"तुमी कशाला वाईट वाटून घेताय?" ती म्हणाली. "हरले, पर माज्या नावानं हरले."